होम्स की पोकाहॉन्टस? आई-बाबांना अमेरिकेतलं खेडं दाखवायचं असेल तर

आई-बाबा तिसऱ्यांदा आले तेव्हा बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, बिल्डिंगी पुष्कळ बघितल्या, आता मला इथला शेतकरी दाखव, इथली खेडी दाखव. बाबा जुन्नर तालुक्यातले, सगळं आयुष्य द्राक्षं आणि टोमॅटोत गेलेलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटलंच. आम्ही राहतो पिट्सबर्गला. तेव्हापासून दोन ठिकाणी त्यांना घेऊन गेलो, एक ओहायोमधली होम्स काउंटी आणि दुसरी वेस्ट व्हर्जिनियातली पोकाहॉन्टस काउंटी. आता ओळखीतलं दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की सुट्टी एवढीशी आहे, दोन्हीपैकी एकच जमेल, तर कुठं जाऊ? फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, स्वतःचं कोर्ट, स्वतःचा शेरीफ, एक मुख्य गाव. पण वस्तीचा हिशोब आपल्यासारखा लावू नका. पोकाहॉन्टस काउंटी जवळजवळ २४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याच्या आसपास, आणि २०२० च्या जनगणनेत तिथं माणसं भरली ७,८६९. सिंधुदुर्गात २०११ ला साडेआठ लाख होती. होम्स आकाराने पोकाहॉन्टसच्याही निम्म्याहून लहान, साधारण ११०० चौरस किलोमीटर, पण लोकसंख्या ४४,२२३. पोकाहॉन्टसमधे १९२० च्या सुमाराला पंधरा हजार लोक होते, शंभर वर्षांत निम्मे उरले, आणि होम्स वाढतेच आहे. हे असं का झालं ते कळलं की दोन्ही जागा अर्ध्या कळल्या, म्हणून मी जमिनीपासून सुरू करते.

होम्स काउंटीतून एक न दिसणारी रेघ जाते. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेला बर्फ जिथपर्यंत पोचला आणि थांबला ती ती रेघ. बर्फ जिथून गेला तिथली जमीन घासून सपाट, खालच्या अंगाला किलबक ओढ्याच्या आसपास दलदल, आणि पूर्वेकडे जिथं बर्फ पोचलाच नाही तिथं गोलगोल टेकड्या, एकामागून एक, सगळ्या हिरव्या. आता गंमत बघा, आमिश म्हणजे जुन्या पद्धतीनं, गाडी-विजेशिवाय राहणारे ख्रिश्चन लोक १८०९ च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातून इथं आले आणि वस्ती केली ती ह्या टेकड्यांतच, वॉलनट क्रीक, बर्लिन ह्या बाजूला. आजच्या मोठ्या मशीनच्या शेतीला अशी जमीन गैरसोयीची, पण घोड्याच्या नांगराला, पंचवीस-तीस गाईंच्या गोठ्याला, घराजवळच्या कुरणाला एकदम बरोब्बर. म्हणून बाकीच्या ओहायोत शेतं एकमेकांत मिसळून हजार हजार एकरांची झाली आणि इथं अजून छोटी राहिली.

पोकाहॉन्टस म्हणजे सगळे डोंगर. अ‍ॅलेगेनी पर्वताच्या लांबलचक रांगा आणि मधे चिंचोळ्या दऱ्या. आठ नद्या ह्या एका काउंटीत उगम पावतात, ग्रीनब्रायर, एल्क, गॉली, विल्यम्स, चेरी, क्रॅनबेरी, टायगार्ट व्हॅली आणि शेव्हर्स फोर्क, आईनं हे ऐकल्याबरोबर महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिराची आठवण काढली आणि खरंच तसंच आहे, पाऊस डोंगरमाथ्यावर पडला की कोणत्या बाजूला वाहील त्यावर नदी ठरते. निम्म्याहून जास्त जमीन सरकारी जंगलाखाली आहे. शेती करायला सपाटी अशी नाहीच, थोडीशी हिल्सबरोजवळ आहे, बाकी गुरं-मेंढ्या आणि लाकूड. लाकूड होतं तोवर माणसं होती.

लाकडाची गोष्ट बघायची असेल तर कॅस नावाच्या गावात जा. १९०१ मधे एका कागद कंपनीनं हे गाव वसवलं, डोंगरावरची स्प्रूसची झाडं तोडायची आणि रेल्वेनं खाली आणायची, काही लाकूड फळ्यांना, काही कागदाच्या लगद्याला. कामगारांत इटालियन, ऑस्ट्रियन पण भरपूर होते. वीस-तीस वर्षांत अख्खे डोंगर बोडके झाले, खाली पूर यायला लागले, शेवटी सरकारनं तोडलेली जमीन विकत घेऊन १९२० मधे मोनोंगाहेला राष्ट्रीय जंगल जाहीर केलं, म्हणजे आज जे घनदाट दिसतं ते सगळं परत उगवलेलं आहे. कॅसची मिल १९६० मधे बंद पडली आणि तीन वर्षांत तीच लाकडाची रेल्वे राज्य सरकारनं प्रवाशांसाठी सुरू केली, ती अजून चालते. इंजिन शे नावाचं, कोळशावरचं, त्याची खासियत म्हणजे सिलिंडर एका बाजूला उभे असतात आणि गिअरमधून प्रत्येक चाकाला जोर मिळतो, म्हणून ११ टक्क्यांचा चढ ते चढतं, जिथं साधं इंजिन जागच्या जागी चाक फिरवत बसेल. वाटेत दोनदा गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो आणि उलटी चढायला लागते. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ पर्यंत, बाबांनी ते आजोबांकडून ऐकलेलं, त्यामुळे ते खिडकीतून आत यायलाच तयार नव्हते. वर बॉल्ड नॉब, ४,८४२ फूट. महाबळेश्वरपेक्षा थोडं उंच आणि कळसूबाईपेक्षा कमी. जाऊन येऊन साडेचार तास लागतात, ज्यांना एवढं बसवत नाही त्यांच्यासाठी व्हिटेकर स्टेशनपर्यंतची दोन तासांची फेरी आहे, ती पुरे होते.

होम्समधे असं एका नजरेत भरणारं काही नाही हे आधीच सांगते. तिथं बघायची ती माणसं आणि त्यांचं रोजचं जगणं, आणि म्हणूनच तिथं जरा जपून वागावं लागतं.

आमिश लोकांबद्दल थोडं, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना 'वीज न वापरणारे लोक' एवढंच माहीत असतं. युरोपात ज्या ख्रिश्चनांचं म्हणणं होतं की बाप्तिस्मा लहान बाळाला देऊन उपयोग नाही, मोठेपणी स्वतः समजून घ्यावा, त्यांना फार छळ सोसावा लागला. त्यातल्या स्विस लोकांमधे १६९३ मधे याकोब अमान ह्या माणसाच्या पाठीमागे एक गट वेगळा झाला, ते आमिश. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आले, तिथून ओहायोत. घरी एक जर्मन बोली बोलतात, पूजेला जुनी जर्मन आणि शाळेत इंग्रजी, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराला तीन भाषा कानावर. आणि आमिश नसलेला प्रत्येक माणूस त्यांच्या बोलण्यात 'इंग्लिश', त्यामुळे आम्ही पाच मराठी माणसं तिथं दोन दिवस इंग्लिश होतो. त्यांना चर्चची इमारत नसते, एक आड एक रविवारी कोणाच्या तरी घरी किंवा गोठ्याच्या माळ्यावर सगळे जमतात, बाकं एका गाडीतून घरोघर फिरतात. होम्स काउंटीत जवळपास निम्मे लोक आमिश आहेत, आणि आजूबाजूच्या काउंट्या धरल्या तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरनंतरची ही त्यांची सगळ्यात मोठी वस्ती.

वीज, गाडी, फोन ह्याबद्दलचे नियम बायबलात शोधून सापडत नाहीत, ते प्रत्येक मंडळी स्वतः ठरवते, त्याला ऑर्डनुंग म्हणतात, आणि वर्षातून दोनदा त्यावर सगळ्यांची संमती घेतली जाते. मला सगळ्यात भावलं ते हे की प्रश्न 'ही वस्तू वाईट आहे का' असा नसतोच, प्रश्न असतो की ही घरात आली तर आपलं एकमेकांकडे जाणं-येणं, एकमेकांवर अवलंबून असणं राहील का. म्हणून फोन घरात नको पण रस्त्याकडेच्या लाकडी खोपटात सामायिक चालतो. ट्रॅक्टर गोठ्याजवळ मशीन फिरवायला चालतो पण शेतात नाही, शेतात बेल्जियन घोडे. तारेवरची वीज नको पण सुतारशाळेतलं मशीन डिझेलवर दाबलेल्या हवेनं चालतं. आणि अलीकडे तर बर्लिनच्या रस्त्यावर दाढीवाले आजोबा बॅटरीच्या सायकलवरून जाताना दिसतात! सगळ्यांचे नियम सारखेही नाहीत, सगळ्यात कडक असतात ते स्वार्टझेनट्रूबर, त्यांच्या बग्गीवर हळू चालणाऱ्या वाहनाची खूण म्हणून लावतात तो केशरी त्रिकोणसुद्धा नसतो, म्हणून संध्याकाळी चढावर गाडी फार हळू चालवा, चढाच्या पलीकडे बग्गी असते आणि ती दिसेपर्यंत तुम्ही तिच्यावर असता. हे मी दोनदा सांगितलं तरी कमी आहे.

बाबांना आणखी एक गोष्ट विचारायची होती की एवढ्या मुलांना जमीन पुरते कशी. पुरत नाही. आठवीनंतर शाळा थांबते, १९७२ मधे सुप्रीम कोर्टानं त्यांना तशी मुभा दिली, मग मुलगा कामाला लागतो आणि आता शेतीपेक्षा फर्निचर, बांधकाम, चीज ह्यांत जास्त लोक आहेत. बाबा बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की आपल्याकडेही भावाभावांत वाटण्या होऊन दीड-दीड एकर उरलं, फरक एवढाच की आपली पोरं पुण्याला गेली आणि ह्यांची शेजारच्या शेडमधे राहिली. आठवीत शाळा थांबण्याबद्दल आईचं मत वेगळं होतं, माझंही आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, पण त्या घरांत म्हातारी माणसं एकटी पडलेली मला कुठं दिसली नाहीत. आजी-आजोबांचं छोटं घर मुलाच्या घराला चिकटून बांधलेलं असतं.

आता पोकाहॉन्टसची माणसं. पहिले दोन गोरे रहिवासी १७४९ मधे आले, जेकब मार्लिन आणि स्टीफन सेवेल. जंगलात आजूबाजूला मैलोन् मैल दुसरं कोणी नाही, एक झोपडी बांधून राहिले आणि धर्मावरून भांडले! सेवेल बाहेर पडला आणि जवळच्या सिकॅमोरच्या पोकळ बुंध्यात जाऊन राहिला. दोन वर्षांनी सर्व्हे करायला आलेल्या माणसांना ते असे सापडले. आजचं मुख्य गाव मार्लिंटन त्याच जागी आहे. काउंटी झाली १८२१ मधे, नाव व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडच्या पोव्हाटन राजाच्या मुलीचं. मार्लिंटन नदीच्या काठाला एवढं लागून आहे की नोव्हेंबर १९८५ च्या पुरात गावाची वाताहत झाली. लोकांनी परत बांधलं.

इथले लोक म्हणजे मुख्यतः स्कॉटिश-आयरिश, जर्मन, इंग्लिश वंशाचे डोंगरी लोक. दऱ्या एकमेकींपासून तुटलेल्या असल्यामुळे जुनी गाणी, फिडलच्या (व्हायोलिनच्या) चाली घराघरात टिकून राहिल्या, इथल्या हॅमन्स कुटुंबाचं गाणं-वाजवणं १९७० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, रेकॉर्ड करून ठेवलंय. आणि हिल्सबरोला एक पांढरं दुमजली घर आहे तिथं २६ जून १८९२ ला पर्ल बक जन्मली. आई-वडील मिशनरी, काही महिन्यांची असताना तिला घेऊन चीनला गेले, पुढे १९३८ मधे तिला साहित्याचं नोबेल मिळालं, ते मिळालेली ती पहिली अमेरिकन बाई. घर आता म्युझियम आहे, लहानसंच, पण बघाच.

इतिहासात रस असेल तर दोन्हीकडे एकाच सालची गोष्ट भेटते, १८६३, अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची. होम्समधे ग्लेनमाँटजवळ जर्मन-फ्रेंच वंशाच्या शेतकऱ्यांनी सैन्यभरतीला विरोध केला, नोंदणी करायला आलेल्या अधिकाऱ्याला दगड मारले, जूनमधे कोलंबसहून सैन्य आलं आणि थोड्या गोळीबारानंतर जमाव पांगला. त्या जागेला लोक अजून 'फोर्ट फिझल' म्हणतात, म्हणजे फुसका किल्ला. त्याच जून महिन्यात, २० तारखेला, व्हर्जिनियातून फुटून वेस्ट व्हर्जिनिया हे नवं राज्य झालं, आणि ६ नोव्हेंबरला पोकाहॉन्टसमधे ड्रूप माउंटनवर खरी मोठी लढाई झाली, जनरल अ‍ॅव्हरेलच्या उत्तरेकडच्या सैन्यानं जनरल एकल्सच्या दक्षिणेकडच्या सैन्याला हटवलं. ती जागा १९२८ मधे राज्याचं पहिलं स्टेट पार्क झाली, वर लाकडी मनोरा आहे, तिथून खालची दरी अशी काही दिसते की लढायला हीच जागा का निवडली ते आपोआप कळतं. फोर्ट फिझलला मुद्दाम जाऊ नका, बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी मी पोकाहॉन्टसला परत परत जाईन. ग्रीन बँक. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका दरीत, जिथं शहराचा रेडिओ गोंगाट पोचत नाही, तिथं १९५० च्या दशकात अमेरिकेनं रेडिओ दुर्बिणी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या डिश, उभारायचं ठरवलं आणि १९५८ मधे १३,००० चौरस मैलांचा शांतता पट्टा आखला. त्या पट्ट्यात कोणताही मोठा ट्रान्समीटर लावायचा तर परवानगी लागते, आणि दुर्बिणीच्या जवळपास तर मोबाईलला रेंजच नाही. १९६० मधे फ्रँक ड्रेक ह्या खगोलशास्त्रज्ञानं इथूनच दोन ताऱ्यांकडे कान लावून परग्रहावरच्या हाका ऐकायचा पहिला प्रयत्न केला, दुसऱ्या वर्षी इथल्याच बैठकीत आपल्याशी संपर्क करू शकतील अशा किती संस्कृती आकाशगंगेत असतील ह्याचा अंदाज बांधायचं त्याचं ते प्रसिद्ध समीकरण मांडलं. इथली ३०० फुटी दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अचानक कोसळली, कोणाला लागलं नाही, आणि तिच्या जागी २००० साली आजची ग्रीन बँक टेलिस्कोप उभी राहिली. ४८५ फूट उंच, डिश १०० बाय ११० मीटर, म्हणजे दोन एकरांहून मोठी, आणि हे सगळं धूड हव्या त्या दिशेला वळतं. अशी पूर्ण वळणारी जमिनीवरची ह्याहून मोठी डिश जगात नाही.

बाबांचं आणि माझं इथं वेगळंच काहीतरी झालं. आमच्या गावापासून खोडद जवळ, जीएमआरटी ह्या आपल्याकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश, प्रत्येकी ४५ मीटरच्या, उभ्या राहत होत्या तेव्हा बाबा मला मोटरसायकलवर पुढे बसवून बघायला न्यायचे. तारेच्या जाळीच्या त्या डिश मी इतक्या वेळा बघितल्यात की त्या मला नारायणगावच्या एसटी स्टँडइतक्या ओळखीच्या. ग्रीन बँकला डिझेल बसमधून दुर्बिणीजवळ नेतात, पेट्रोलच्या गाड्या चालत नाहीत कारण स्पार्क प्लगच्या ठिणगीचा रेडिओ आवाज होतो, डिजिटल कॅमेरासुद्धा ठेवून जावा लागतो. बस वळली आणि ती पांढरी डिश समोर आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, 'आपल्या खोडदची मोठी बहीण.' गाईडनं विचारलं काय म्हणाले, मी सांगितलं, तर त्याला जीएमआरटी नीट माहीत होती. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

दोन्ही काउंट्या तशा एकाच बाबतीत सारख्या आहेत बघा, जगानं जे सरसकट घेतलं ते दोघींनी थोडं दारात थांबवलं, होम्समधे लोकांनी आपापसात ठरवून आणि पोकाहॉन्टसमधे सरकारी नियमानं. पण फरक मोठा आहे. होम्समधल्या आमिश माणसाला त्या नकारातून शेजार मिळतो. ग्रीन बँकच्या माणसाला दुर्बिणीचा अभिमान असतो, नोकऱ्याही मिळतात, पण घरात कोणी आजारी पडलं आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर फोन लागत नाही, हेही त्यालाच सोसावं लागतं. दुसरीकडे रेडिओ लहरींचा त्रास होतो असं म्हणणारे काही लोक शहरं सोडून मुद्दाम इथं राहायला आलेत. एखाद्याची अडचण ती दुसऱ्याला आसरा, असं चाललेलं असतं.

आता रोजच्या गोष्टी, कारण शेवटी ट्रिप ह्यावरच ठरते.

रस्ता. पिट्सबर्गहून होम्सचं बर्लिन दोन तास, क्लीव्हलंडहून दीड, कोलंबसहूनही दोनच्या आत. पोकाहॉन्टस पिट्सबर्गहून आणि वॉशिंग्टनहून चार-चार तास, कोलंबसहून पाच, आणि शेवटचे दीड-दोन तास नुसता घाट. आईला वरंध घाटात जशी मळमळ होते तशी इथं झाली, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी सोबत ठेवा आणि रात्री घाटात जाऊच नका, हरणं आडवी येतात. नकाशा फोनवर आधी उतरवून घ्या.

खाणं. इथं होम्स जिंकेल असं वाटतं पण शाकाहारी लोकांनी नीट ऐका. आमिश पद्धतीच्या हॉटेलात कोंबडी, मॅश्ड बटाटे, नूडल्स, आणि पाय (pie), म्हणजे मैद्याच्या कव्हरमधे सारण भरून भाजलेला पदार्थ. नूडल्स बहुतेक कोंबडीच्या पाण्यात शिजवलेल्या असतात, ग्रेव्ही मांसाची, आणि पायच्या कव्हरमधे बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात. आई माळकरी, तिनं पहिल्या दिवशी पाय मागवलाच होता, मी विचारलं म्हणून वाचलं. बायका अगदी न रागावता सांगतात काय घातलंय ते, लोण्याचं कव्हर असलेला पाय पण कुठं कुठं मिळतो. चीजसाठी ही काउंटी प्रसिद्ध आहे, बेबी स्विस नावाचं चीज १९६० च्या दशकात चार्म गावात एका स्विस माणसानं बनवलं, पण दूध गोठवायला घालतात ते रेनेट कोणतं, प्राण्याचं की नाही, हे विचारून घ्या. ब्रेड, लोणी, जॅम, मका, टोमॅटो, पीच मात्र एक नंबर, रस्त्याकडेला टेबलावर ठेवलेले असतात आणि बाजूला पैशाचा डबा. पोकाहॉन्टसमधे हॉटेलंच मोजकी आणि लवकर बंद होणारी, तिथं स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. कॅसमधे मिल कामगारांची जुनी पांढरी दुमजली घरं भाड्यानं मिळतात, भांडीकुंडी असतात, आम्ही कुकर, तांदूळ, डाळ, मेतकूट सगळं नेलं होतं आणि पोर्चमधे बसून खिचडी खाल्ली, समोरून इंजिनाचा धूर.

चालणं आणि तब्येत. गुडघ्यांचा त्रास असेल तर होम्स सोपी, सगळं गाडीच्या दारापाशी. पोकाहॉन्टसमधे पण सगळं चढणं नाही, क्रॅनबेरी ग्लेड्स म्हणून एक थंड दलदल आहे, तिथं लाकडी फळ्यांची वाट केलीय, अर्धा मैल, एकदम सपाट, आणि त्यात कॅनडाकडची झाडं आहेत जी हिमयुगात खाली आली आणि ह्या उंचीवरच्या गारव्यामुळे इथंच राहिली. किडे खाणारी वनस्पती आहे, पोरं खूष. दवाखाना दोन्हीकडे आहे, होम्सचा मिलर्सबर्गला, पोकाहॉन्टसचा मार्लिंटनच्या जरा दक्षिणेला बकाय इथं, पण हार्टचा वगैरे गंभीर त्रास असलेल्यांना मी पोकाहॉन्टसला नेणार नाही, अंतरं फार आहेत आणि फोनचा भरवसा नाही.

दिवस कोणते. होम्सला रविवारी जाऊ नका, आमिशांचं सगळं बंद असतं आणि तसंच असायला पाहिजे. जमलं तर बुधवारी जा, माउंट होपला गुरांचा लिलाव असतो. बाबा तिथं तीन तास बसले, लिलाव करणाऱ्याच्या बोलण्यातला शब्द कळत नव्हता पण भाव कितीवर गेला ते त्यांना बरोबर कळत होतं, शेजारच्या आमिश शेतकऱ्यानं त्यांना बोटांनी दाखवायला सुरुवात केली आणि मग दोघांची गाईच्या कासेवरून हातवारे करत चर्चा झाली. आईला आवडले ते क्विल्ट, हातानं शिवलेले, तिनं उलटी बाजू बघितली, टाका बघितला आणि म्हणाली आपल्या गोधडीला एवढं मोजून-मापून करत नाहीत, पण जुन्या कापडाची ऊब ह्यात नाही. बर्लिनजवळच्या हेरिटेज सेंटरमधे २६५ फूट लांबीचं गोलाकार चित्र आहे, आमिश आणि त्यांचे जुने भाऊबंद मेनोनाइट ह्यांचा सगळा छळाचा इतिहास त्यात आहे, गाव फिरायच्या आधी ते बघा, मग बाहेर दिसणारं प्रत्येक माणूस वेगळं दिसतं. आणि कृपा करून त्यांच्या चेहऱ्याचे फोटो काढू नका, त्यांच्या धर्मात ते बसत नाही. दुरून घोड्याचा, शेताचा काढला तर चालतो. आपल्याकडचे लोकही बग्गी दिसली की खिडकीतून मोबाईल बाहेर काढतात, मला फार वाईट वाटतं ते बघून.

पोकाहॉन्टसला मे ते ऑक्टोबर. कॅसची नेहमीची रेल्वे साधारण तेवढेच महिने असते, तिकिटं आधी काढा, दुर्बिणीच्या फेरीचंही आधी विचारून घ्या. पानांचे रंग उंचीमुळे लवकर येतात, ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा, होम्सला त्यानंतर. रात्री आकाश निरभ्र असेल तर वटोगा स्टेट पार्कला जा, २०२१ पासून त्याला अंधाऱ्या आकाशाची मान्यता आहे, आकाशगंगा इतकी स्वच्छ मी लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हाच बघितलेली.

तर ठरवायचं कसं? दोनच दिवस असतील, सोबत सत्तरीपुढची माणसं असतील, त्यांना माणसांत बसायला, बाजार करायला, शेती-गुरांबद्दल बोलायला आवडत असेल तर डोळे झाकून होम्स. लहान मुलांनाही तिथं घोडे, वासरं, बग्गीची सैर पुष्कळ होतं. एक धोका सांगते, बर्लिनचा मुख्य रस्ता शनिवारी पर्यटकांनी आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांनी भरलेला असतो, तेवढंच बघून परत आलात तर होम्स बघितलीच नाही असं समजा, आतल्या रस्त्यांवर चार्म, माउंट होपकडे वळा. तीन-चार दिवस असतील, मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, घरात कोणाला रेल्वेचं किंवा आकाशाचं वेड असेल आणि फोनशिवाय कोणी कासावीस होत नसेल तर पोकाहॉन्टस. तिथं माणसं कमी भेटतात पण भेटली की घाईत नसतात, कॅसच्या दुकानातल्या आजींनी आईला अर्धा तास रॅम्पबद्दल सांगितलं, वसंतात जंगलात उगवणारी लसणीच्या वासाची पात, बटाट्याबरोबर परततात, आईनं लगेच पातीच्या झुणक्याची रेसिपी ऐकवली आणि मी दोन्हीकडून भाषांतर करत उभी.

मला स्वतःला विचाराल तर पोकाहॉन्टस, पण त्यात खोडद आहे आणि बाबा आहेत, ते तुमच्या बाबतीत नसेल. आई अजूनही होम्सच म्हणते. ते परत सप्टेंबरात येतायत, कॅसचं घर चार रात्रींसाठी मिळालंय आणि बॉल्ड नॉबची तिकिटं काढलीत, आईसाठी त्याआधीच्या आठवड्यातला एक बुधवार माउंट होपला ठेवलाय, ह्या वेळी ती येताना आजीची एक जुनी गोधडी घेऊन येणार आहे, क्विल्टच्या दुकानातल्या त्या बाईंना दाखवायला.